बंदूक की डोकं? लुइस्टनच्या गोळीबारावरून ऑफिसात झालेला वाद

झेंडूचं_तोरण:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत मेन (Maine) राज्यात पोर्टलंडजवळ राहतो, नऊ वर्षं झाली. २५ ऑक्टोबर २०२३ ला लुइस्टनमध्ये गोळीबार झाला, आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. एक बोलिंगची जागा आणि एक बार, मिळून १८ माणसं गेली, १३ जखमी. आदल्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे पाटावर नवऱ्याचा ड्रिल, माझा लॅपटॉप, विळी, मुलाचा कंपासबॉक्स असं सगळं पूजेला मांडलेलं असतं, ते बुधवारी रात्री तसंच होतं, उचलायचं राहिलेलं, आणि समोर टीव्हीवर तो माणूस रायफल खांद्याला लावून दारातून आत शिरतोय तो फोटो. पुढचे दोन दिवस शाळा बंद, पडदे ओढलेले, उरलेलं श्रीखंड खात बसलो होतो कारण दुकानात जायची हिंमत नव्हती. शुक्रवारी रात्री त्याचं प्रेत सापडलं, स्वतःलाच गोळी घालून घेतलेली.

आता हे उकरून काढायचं कारण म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे 'रेड फ्लॅग' कायद्यावर (घरचे किंवा पोलीस थेट कोर्टात जाऊन धोकादायक वाटणाऱ्या माणसाच्या बंदुका काही काळ काढून घ्यायला लावू शकतात तो) मतदान झालं, तो पास झाला, आणि तेव्हापासून ऑफिसात तो विषय काही मिटत नाही. परवा जेवताना एक सहकारी (चांगला माणूस आहे, माझी गाडी बर्फात अडकली तेव्हा फावडं घेऊन आला होता) म्हणाला की बंदुकीचा काय दोष, तो वेडा होता, असल्या लोकांची सरळ देशभर यादी करा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी डब्यात बघत बसले.

माझा सख्खा धाकटा भाऊ सांगलीत असतो. बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार होतात तो आजार) आहे, अकरा वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर. झेरॉक्सचं दुकान चालवतो, वेळच्या वेळी रक्त तपासून घेतो, आईची शुगर तोच बघतो, मी नाही. ह्या यादीत पहिलं नाव त्याचं येणार ना. हे मला तिथे बोलता आलं नाही.

तर दोन प्रश्न आहेत. हे 'बंदूक की मानसिक आजार' असं काही एकच असतं का, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आणि दुसरं, मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला मित्राने रात्री राहायला बोलावलंय, मित्राचा बाबा दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातो म्हणजे घरात बंदुका असणारच. विचारायचं कसं? भांडण न होता?

टेक्सासतात्या:

ताई, आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे दोन आहेत. एक रायफल एक पिस्तूल. म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांची सोय झाली.

ह्यूस्टनच्या बाहेर दोन एकरांवर राहतो. इथे रानडुकरं येतात, कळपाने, एका रात्रीत मागचं सगळं आवार नांगरल्यासारखं करून जातात. शेरीफला फोन केला तर गाडी यायला वीस-पंचवीस मिनिटं, ती पण नशीब असेल तर. मुंबईत बसून 'बंदूक कशाला हवी' म्हणणं सोपं आहे.

तुमचा सहकारी चुकलाय, यादी वगैरे फालतूपणा आहे, पण उरलेली बाजू पण ऐका. २०१७ मध्ये इथे सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये २६ जण मारले. त्या माणसाला हवाई दलात असताना बायको-पोराला मारल्याबद्दल शिक्षा झालेली, कायद्याने त्याला कुठलाच दुकानदार बंदूक विकू शकत नव्हता. मग मिळाली कशी? हवाई दलाने ती शिक्षा एफबीआयला (विक्रीआधीची तपासणी तेच करतात) कळवलीच नाही. एवढंच. एक कागद पुढे गेला नाही. आणि त्याला अडवलं कोणी तर पलीकडच्या घरातल्या माणसाने, स्वतःची रायफल घेऊन, अनवाणी धावत आला तो. आणि युवाल्डीत २०२२ मध्ये शाळेत १९ पोरं आणि दोन शिक्षिका गेल्या तेव्हा पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबले होते. आता मला सांगा मी कोणाच्या भरवशावर राहू? आहेत ते कायदे आधी पाळा, मग नवीन आणा. रेड फ्लॅगमध्ये तर तुमचं म्हणणं ऐकायच्या आधी जज हुकूम काढतो. उद्या घटस्फोट चालू असताना कोणी खुन्नस काढली म्हणजे?

परत_फिरा_रे:

अमेरिकेत राहायचं तर हे आलंच. डॉलर पाहिजे आणि गोळी नको कसं चालेल. या परत.

मीरारोड_लोकल:

@परत_फिरा_रे काका, परत कुठे यायचं? ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) कॉन्स्टेबलने सरकारी रायफलने चार जणांना मारलं, आधी स्वतःच्या साहेबाला आणि मग डब्याडब्यातून फिरून तीन मुसलमान प्रवाशांना. गाडी मीरा रोडजवळ थांबली, तिथून तो पकडला गेला. मी त्याच सकाळी त्याच लाइनवर होतो, गाड्या का लेट आहेत कोणाला कळेना. आणि दुपारपर्यंत काय ऐकलं? 'त्याचा मानसिक तोल बिघडला होता.' अजून पंचनामा व्हायचा होता पण निदान झालेलं! पुढे पोलिसांनी धर्मावरून तेढ वाढवण्याचं कलम लावलं. माझं म्हणणं एवढंच की 'वेडा होता' हे वाक्य पहिल्या दोन तासांत येतं तेव्हा ते डॉक्टरचं नसतं, कोणाला तरी विषय मिटवायचा असतो.

झेंडूचं_तोरण:

मीरारोड, हे तर विसरलेच होते मी.

तात्या, तुमचं बरंचसं पटतं, खोटं कशाला बोलू. पण लुइस्टनचं मी त्या वेळी अगदी वेड्यासारखं (बघा, मी पण तोच शब्द वापरते) वाचत होते, रात्री झोप यायची नाही. तो आर्मी रिझर्व्हचा सार्जंट होता. मे २०२३ मध्येच त्याच्या घरच्यांनी, पोराने आणि आधीच्या बायकोने, पोलिसांना सांगितलं की याला भास होतायत, लोक आपल्याबद्दल घाणेरडं बोलतात असं वाटतं, आणि घरात बंदुका आहेत. जुलैमध्ये न्यूयॉर्कला ट्रेनिंगला गेला, तिथे बिनसलं, सोबतच्यांनीच डॉक्टरकडे नेलं, दोन आठवडे मनोरुग्णालयात होता. सैन्याने ड्युटीवर त्याला हत्यार द्यायचं नाही असं ठरवलं. सप्टेंबरमध्ये त्याच्या जवळच्या मित्राने वरिष्ठांना मेसेज केला की हा कधीतरी गोळीबार करणार असं मला वाटतं. पोलीस घरी जाऊन आले, आत हालचाल ऐकू आली, दार उघडलं नाही, निघून गेले. ऑक्टोबरमध्ये ते झालं.

आणि ह्यातली मला सगळ्यात डोक्यात बसलेली गोष्ट ऑगस्टची आहे. तो दुकानात बंदुकीचा आवाज दाबणारा सायलेन्सर आणायला गेला. फॉर्मवर एक प्रश्न असतो, मनोरुग्णालयात सक्तीने दाखल झाला होतात का. त्याने 'हो' लिहिलं. स्वतःच! दुकानदाराने सायलेन्सर द्यायला नकार दिला. बरोबर केलं त्याने. पण ज्या रायफलने १८ माणसं मारली ती त्याने जुलैत दवाखान्यात जायच्या थोडे दिवस आधी रीतसर विकत घेतलेली, ती घरीच होती, आणि तिच्याबद्दल कोणीच काही केलं नाही. नवीन वस्तू मिळणार नाही पण जुनी असू दे.

इथे तेव्हा 'यलो फ्लॅग' होता. म्हणजे आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घ्यायचं, मग डॉक्टरने तपासायचं, मग जज. घरचे थेट कोर्टात जाऊ शकत नव्हते. नंतर चौकशी आयोगाने स्पष्ट म्हटलं की पोलिसांकडे त्याला ताब्यात घ्यायला पुरेसं कारण होतं. म्हणजे तात्या, 'आहेत ते पाळा' हे तुमचं इथे खरं ठरलं, पण पाळायचं कोणी तर ज्याने दार वाजवून परत जायचं ठरवलं त्यानेच. त्या पोराला स्वतःला कोर्टात जाता आलं असतं तर? मला तरी त्याच्यासाठी हा नवा कायदा बरा वाटतो. लुइस्टननंतर तो जुना यलोवाला सुद्धा शेकडो वेळा वापरला गेला, म्हणजे वापरता येत होता की.

रात्रपाळी_यवतमाळ:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, यवतमाळला. दिवसभर ओपीडी करून आता लिहितोय त्यामुळे विस्कळीत होईल.

आधी तुमच्या भावाचं, कारण ते महत्त्वाचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात (१९६८ चा) निदानावरून बंदी नाही. कोर्टाने धोकादायक किंवा अक्षम ठरवलं असेल, किंवा सक्तीने दाखल केलं असेल तर बंदी. लिथियम घेतो म्हणून कोणाचं नाव बंदीच्या यादीत जात नाही. तुमच्या सहकाऱ्याला जी यादी हवीय ती वेगळीच, ती म्हणजे ज्यांनी मदत मागितली त्यांची यादी. तसं केलं की लोक काय करतात ते मी रोज बघतो, फाइलवर नाव लावू नका म्हणतात, मागच्या दाराने येतात, सुनेच्या माहेरी कळू नये म्हणून औषध अमरावतीहून आणतात. यादी झाली की पहिल्यांदा येणारे येणंच बंद होतील, आणि ज्याच्या डोक्यात खरंच काही शिजतंय तो तर तसाही येत नव्हता.

आता धोक्याचं. ड्यूक विद्यापीठात जेफ्री स्वॉनसन म्हणून आहेत, त्यांनी अनेक वर्षं हाच अभ्यास केला. त्यांचा हिशोब असा की गंभीर मानसिक आजार उद्या सकाळी सगळे बरे झाले तरी अमेरिकेतली हिंसा चारेक टक्क्यांनी कमी होईल. उरलेली ९६ जागच्या जागी. माझ्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांनी मार खाल्लेला मी जास्त पाहिलाय, दिलेला कमी. आणि मारहाणीची भीती मला कोणाची वाटते विचाराल तर दारू, आधीची मारहाण, ताजी अपमानाची जखम, हे असलेल्यांची. त्यांतल्या निम्म्यांना मी कुठला आजार लिहू? राग हा आजार नाही.

पण म्हणून लुइस्टनमध्ये आजार नव्हता असं मी म्हणणार नाही, तिथे होता. भास होते, संशय होता. इथेच आपले काही चांगले लोक उलट्या बाजूला घसरतात, 'मानसिक आरोग्याचा काही संबंधच नाही' म्हणतात, ते पण बरोबर नाही. तो आजारी होता आणि त्याच्या हाताशी रायफल होती, दोन्ही एकदम खरं आहे.

आमच्याकडे बंदूक नाही, फवारणीचं औषध आहे. कीटकनाशक. हंगामात प्रत्येक घरात, बहुतेकदा माजघरात तांदळाच्या कोठीशेजारी. एक पेशंट होता, चाळिशीचा, कपाशी गेली, कर्ज, नैराश्य. गोळ्या सुरू केल्या, त्यांना लागायला दोन-तीन आठवडे लागतात. मी त्याच्या बायकोला विचारलं फवारणीच्या औषधाचे डबे कुठे असतात. ती म्हणाली खाटेखाली. मी म्हटलं आज घरी गेल्यावर ते सगळे भावकीत दुसऱ्याच्या घरी नेऊन कुलपात ठेवा, चावी तुमच्याकडे पण नको. तिला वाटलं डॉक्टर गोळ्या द्यायचं सोडून हे काय सांगतोय. महिनाभराने तो स्वतःच म्हणाला, दुसऱ्याच रात्री उठून खाटेखाली हात घातला होता. काही लागलं नाही हाताला. मग बाहेर जाऊन बसला ओट्यावर, कुत्रं आलं शेजारी, उजाडलं.

हे माझं एकट्याचं शहाणपण नाही. श्रीलंकेने १९९५ नंतर सगळ्यात जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरलं. नैराश्य थोडंच ७० टक्क्यांनी उतरलं असेल!

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या आत्महत्या २६,३२८. म्हणजे निम्म्याहून जास्त. बातमीत येतात ते सामूहिक गोळीबार ह्या आकड्याचा अगदी छोटा तुकडा आहेत. बंदुकीने केलेला प्रयत्न दहात आठ-नऊ वेळा जीव घेतो, दुसरी संधी नाही. तेव्हा 'मानसिक आरोग्याकडे लक्ष द्या' असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी कुलपाबद्दलही बोललंच पाहिजे. तात्या, राग मानू नका, तुमच्या दोन कुठे असतात? कुलपात का उशाशी?

टेक्सासतात्या:

डॉक्टर, रायफल तिजोरीत. पिस्तूल... बेडजवळच्या ड्रॉवरमध्ये. भरलेलं. तिजोरीत ठेवलं तर काय उपयोग त्याचा रात्री.

घाटाखालचा:

तात्या तुमचं वाचून आमच्या आज्यांची आठवण झाली. कुडाळकडे आमची वाडी. आज्यांकडे शेती संरक्षणाची बंदूक होती, ठासणीची, माकडं आणि डुकरं हाकायला, ती लाकडी खुंटीवर टांगलेली असायची आणि आम्हा पोरांना तिच्याखाली झोपायचं असायचं. आज्यांनंतर परवाना काकांच्या नावावर करून घ्यायचा होता तर तहसील, पोलीस, डॉक्टरचा दाखला, चारित्र्याचा दाखला, परत तहसील, काकांच्या चपला झिजल्या. शिव्या घातल्या त्यांनी सरकारला भरपूर. आणि निवडणूक आली की आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा, नंबरची चिठ्ठी घेऊन यायची, निकाल लागला की परत आणायची, भाताला डुकरं लागलेली असली तरी.

एका अशाच निवडणुकीत काका आणि शेजारचे यांच्यात बांधावरून जुंपली. माड कोणाच्या हद्दीत ह्यावरून. काका प्यायलेले. घरात घुसले आणि खुंटीकडे हात गेला, मी स्वतः बघितलंय, खुंटी रिकामी. मग कोयता घेऊन बाहेर गेले, तोपर्यंत आईने आणि काकीने मागून धरलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांनी मिळून तोच माड पाडपी बोलावून उतरवला, नारळ अर्धे अर्धे. काका काही मनोरुग्ण नव्हते हो. भजनात पखवाज वाजवायचे.

ब्लॅक्सबर्गचा_जुना:

मी ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात होतो, २००७ च्या तिथल्या गोळीबारानंतर दोन वर्षांनी गेलो पण ते तिथे हवेतच होतं. १६ एप्रिल २००७, ३२ जण गेले. त्यात आमच्या सिव्हिलचे प्रोफेसर लोगनाथन आणि मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी पण होती. ड्रिलफील्डवर (कॅम्पसमधलं मोठं मैदान) ३२ दगड आहेत, प्रत्येकावर नाव, आम्ही रोज त्यांच्यावरून वर्गात जायचो.

डॉक्टरांनी यादीचं लिहिलंय त्यात भर. तो मारणारा विद्यार्थी डिसेंबर २००५ मध्ये कोर्टापुढे आलेला, कोर्टाने तो स्वतःच्याच जिवाला धोकादायक आहे असं ठरवून, भरती न होता बाहेरून उपचार घ्यायचा आदेश दिलेला. केंद्राच्या कायद्याने तेवढ्यावर बंदी बसायला हवी होती. पण व्हर्जिनिया फक्त दवाखान्यात भरती झालेल्यांची नावं पाठवायचं. त्यामुळे दोन्ही पिस्तुलं त्याला तपासणी होऊन रीतसर मिळाली. पुढे २००८ च्या जानेवारीत राज्यांनी नावं नीट पाठवावीत म्हणून कायदा झाला. म्हणजे यादी असावी, पण कोर्टाच्या आदेशांची, डॉक्टरच्या फायलींची नको. तो उपचार पण त्याला झालाच नाही म्हणे, आदेश कागदावर राहिला. त्याबद्दल कोणी ओरडत नाही.

आणि तात्या, खाजगी विक्रीत तर बऱ्याच राज्यांत अजून तपासणीच नाही. दुकानातून घेतली तर फॉर्म, ओळखीच्याकडून घेतली तर राम राम.

टेक्सासतात्या:

ते खरं आहे. आमच्याकडे तसंच आहे. माझी रायफल मी एका म्हाताऱ्याकडून त्याच्या गॅरेजमधून घेतली, रोख देऊन, त्याने फक्त बायबल वाचतोस का विचारलं.

तरी मी म्हणतो मन बघायला माणसंच नाहीत इथे. माझ्या शेजाऱ्याच्या पोराला मानसोपचाराची अपॉइंटमेंट चार महिन्यांनंतरची मिळाली. चार महिने! बंदूक वीस मिनिटांत मिळते. (हो, कळतंय मी काय लिहिलं ते.)

रात्रपाळी_यवतमाळ:

तात्या, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या पेट्या मिळतात बेडजवळ बोल्टने बसवायच्या, दोन सेकंदांत उघडतात. डुकरं तेवढी थांबतील. घरात नातवंडं येतात का?

टेक्सासतात्या:

येतात. दिवाळीत येणार आहेत. बघतो.

परत_फिरा_रे:

मी चेष्टेत लिहिलं होतं. मीरा रोडचं लक्षात नव्हतं, सॉरी.

झेंडूचं_तोरण:

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, मुलाला ताप होता.

सहकाऱ्याशी बोलले. यादी, टक्के, आकडे काही नाही काढले, जमलंच नाही मला ते. कॉफीच्या मशीनपाशी म्हटलं, माझा भाऊ तुझ्या यादीत येईल, आणि फोनमध्ये त्याचा दुकानातला फोटो दाखवला, टोनरने हात काळे. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला त्याचा भाऊ पण होता. होता म्हणाला. अफगाणिस्तानातून आल्यावर, बापाच्या शिकारीच्या बंदुकीने, २०१४ मध्ये. एवढी वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो, मला माहीत नव्हतं. रेड फ्लॅगला त्याने मत विरुद्ध दिलं होतं, ते बदललं असं काही तो म्हणाला नाही, मी पण विचारलं नाही.

आणि मुलाच्या मित्राच्या बाबाला मेसेज केला. तीन वेळा लिहून खोडला. शेवटी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं विचारतात तसं विचारलं, की माझा मुलगा सगळीकडे हात घालणारा आहे, घरात कुत्रा आहे का, तलावाकडचं दार बंद असतं का, आणि बंदुका कुलपात असतात का. पाच मिनिटांत उत्तर आलं, सोबत फोटो, तळघरात माणसाच्या उंचीची हिरवी तिजोरी, वर नारिंगी शिकारीचं जाकीट टांगलेलं. खाली लिहिलं होतं की गोळ्या वेगळ्या खोलीत असतात, आणि तुमच्या घरी पण आमचा मुलगा येतो, तुमच्याकडे आहेत का?

मी लिहिलं, नाहीत, फक्त विळी आहे. मग विळी म्हणजे काय हे समजवायला फोटो काढून पाठवावा लागला, तो बघून त्याची बायको म्हणाली म्हणे की हे कुलपात ठेवा.